खिडकी नसलेले प्रोग्रॅम

संगणकाच्या पडद्यावर एकच पत्र उघडलेले असते, टाइप करणारा माणूस पुढच्या वाक्याचा विचार करत थांबलेला असतो, आणि तरी त्या क्षणी यंत्राच्या आत शंभराच्या घरात प्रोसेस चालू असतात. कोणी छपाईच्या रांगेवर लक्ष ठेवून असते, कोणी घड्याळ जुळवत असते, कोणी विषाणू शोधत असते, तर कोणी नुसतेच हाक येण्याची वाट पाहत असते. यांपैकी बहुतेकांना पडद्यावर खिडकी नसते.

प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम. डिस्कवर पडून असलेला प्रोग्रॅम आणि प्रोसेस यांत नाटकाची संहिता आणि त्या नाटकाचा प्रयोग यांच्याइतका फरक आहे. संहिता कपाटात कितीही वर्षे राहते. प्रयोगाला मात्र रंगमंच लागतो, वेळ लागतो, आणि एकाच संहितेचे एकाच रात्री दोन गावांत दोन प्रयोगही होऊ शकतात. प्रोसेसला तसाच मेमरीतला स्वतःचा तुकडा आणि प्रोसेसरचा वेळ लागतो, शिवाय ओळखीसाठी तिला एक क्रमांक मिळतो. वापरणाऱ्याशी पडद्यावर न बोलता जी प्रोसेस आपले काम करते तिला बॅकग्राउंड प्रोसेस म्हणतात. तिचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो. यंत्राचा वेळ कोणी वाटून द्यायचा हा पहिला, आणि मागे काय चालले आहे हे यंत्राच्या मालकाला कसे कळायचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मोठ्या संगणकांवर १९६०च्या दशकातच सापडले होते. घरगुती संगणकावर दुसऱ्याचे उत्तर मिळायला तीसहून अधिक वर्षे गेली.

सुरुवात झाली ती वाट पाहण्यातून. प्रोसेसर सेकंदाला हजारो गणिते करू शकत होता, पण छपाईयंत्र, पंचकार्ड आणि चुंबकीय फीत त्याच्या मानाने फारच संथ होती. छपाई पुरी होईपर्यंत लाखो रुपयांचे यंत्र रिकामे बसे. म्हणून छापायचा मजकूर आधी दुसरीकडे साठवायचा आणि मुख्य काम चालू असतानाच तो सवडीने छपाईयंत्राकडे पाठवायचा, अशी युक्ती निघाली. तिला स्पूलिंग म्हणतात. पुढची पायरी म्हणजे वेळेची वाटणी. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने नोव्हेंबर १९६१मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एका यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटून अनेकांना एकाच वेळी वापरायला देणारी ही प्रणाली होती.

याच संस्थेत १९६३मध्ये प्रोजेक्ट मॅक सुरू झाला आणि मागे राबणाऱ्या प्रोसेसना तिथे 'डीमन' हे नाव पडले. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६७मध्ये एक कल्पना मांडली होती. एका पेटीत मधोमध इवलेसे दार आहे आणि त्या दाराशी बसलेला एक चिमुकला जीव, म्हणजेच मॅक्सवेलचा 'डीमन', वेगवान आणि संथ रेणू निवडून दोन बाजूंना पाठवतो आहे. न दिसता, न थकता चालणारे हे काम कॉर्बाटो यांच्या गटाला आपल्या प्रोग्रॅमांसारखे वाटले. त्यांच्या आठवणीप्रमाणे असा पहिला प्रोग्रॅम फायलींच्या प्रती आपोआप फितीवर काढून ठेवणारा होता. 'डीमन'च्या मूळ ग्रीक शब्दात दुष्टपणाचा अर्थ नाही. माणसाच्या आसपास वावरणारी अदृश्य शक्ती एवढाच तो आहे, आणि कोकणातल्या गावाच्या राखणदाराची कल्पना त्याला पुष्कळ जवळची आहे.

बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९पासून घडवलेल्या युनिक्समध्ये ही कल्पना सर्वांच्या हाती आली. आज्ञेच्या शेवटी 'अँड'चे चिन्ह लिहिले की ते काम मागे चालू लागे आणि पडदा पुढच्या आज्ञेसाठी मोकळा होई. १९७९च्या सातव्या आवृत्तीत क्रॉन नावाचा डीमन ठरल्या वेळी ठरली कामे करत असे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'पीएस' एवढी दोन अक्षरे टाइप केली की यंत्रावर चालू असलेल्या प्रोसेसची यादी समोर येई. मागे काय चालले आहे हे विचारण्याची सोय युनिक्सने अशी फार लवकर करून ठेवली.

वैयक्तिक संगणकाला हा वारसा मिळाला नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आलेल्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि त्यावरची मायक्रोसॉफ्टची डॉस ही प्रणाली एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवी. वेळ वाटून देणारा कोणी मध्यस्थ तिच्यात नव्हता. प्रोग्रॅम सुरू झाला की सगळे यंत्र त्याचे, आणि तो संपला की त्याची मेमरी पुढच्यासाठी मोकळी. एका टेबलावर, एका माणसासाठी बसवलेल्या यंत्राला याहून अधिक कशाची गरज पडेल असे तेव्हा वाटले नसावे.

गरज पडली, आणि तीही पुन्हा छपाईमुळेच. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर दहा पानांचा अहवाल निघेपर्यंत पीसी अडकून बसे. १९८३मध्ये आलेल्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'प्रिंट' ही आज्ञा होती. फाइल तिच्या हवाली केली की ती मागच्या मागे छापत राही आणि माणूस दुसऱ्या कामाला लागू शके. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रणालीत हे कसे जमले, यातच पुढच्या दशकाची गोष्ट आहे.

डॉसमध्ये एक पळवाट होती. 'मी संपलो, पण माझी मेमरी माझ्याकडेच राहू द्या' असे सांगून प्रोग्रॅमला बाहेर पडता येई. टर्मिनेट अँड स्टे रेसिडेंट असे तिचे नाव होते आणि अशा प्रोग्रॅमांना टीएसआर म्हणत. पण नुसते मेमरीत पडून राहून काम होत नाही, कोणीतरी जागे करावे लागते. त्यासाठी इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या टोचणीचा, उपयोग होई. पीसीतले घड्याळ सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रोसेसरला टोचणी देई. कळफलकावरची प्रत्येक कळही अशीच टोचणी देई. टोचणी आली की कुठे जायचे याचे पत्ते मेमरीच्या अगदी सुरुवातीच्या तक्त्यात लिहिलेले असत. टीएसआर निघण्यापूर्वी तक्त्यातला मूळ पत्ता स्वतःकडे टिपून ठेवी आणि त्या जागी आपला पत्ता लिही. मग प्रत्येक टोचणी आधी त्याच्याकडे येई. तो हवे ते करून घेई आणि मग मूळ पत्त्यावर रवाना करी.

बोरलँड कंपनीचा साइडकिक हा १९८४चा टीएसआर या युक्तीचा सर्वांत गाजलेला नमुना. कंट्रोल आणि आल्ट या कळा एकत्र दाबल्या की हिशेबाच्या किंवा लेखनाच्या प्रोग्रॅमवरच एक छोटी चौकट उघडे. तिच्यात वही असे, गणकयंत्र असे, दिनदर्शिका असे. काम झाले की चौकट नाहीशी होई आणि मूळ प्रोग्रॅम जिथे थांबला होता तिथून पुढे चाले. एका वेळी एकाहून अधिक कामे हाताशी असण्याची चव अनेक कार्यालयांना पहिल्यांदा साइडकिकने लावली.

टीएसआर लिहिणाऱ्यांचे कसब थक्क करणारे होते, पण त्यांच्यात आपापसांत कसलाही करार नव्हता. प्रत्येकाने तक्त्यात आपला पत्ता लिहिला की चार टीएसआरांची साखळी तयार होई, आणि मधल्याला काढायचे म्हटले तर साखळीच तुटे. म्हणून ते कोणत्या क्रमाने चढवायचे हे तोंडपाठ ठेवावे लागे. डॉसही अर्धवट काम सोडून दुसरे हाती घेऊ शकत नसे. डॉस फाइल लिहीत असताना मध्येच टीएसआरने दुसरी फाइल उघडायला सांगितली तर पहिलीचा विचका होई. डॉस कामात आहे की नाही हे सांगणारी एक खूण प्रणालीत होती, 'प्रिंट' आज्ञा ती वापरतही होती, पण मायक्रोसॉफ्टने तिची अधिकृत माहिती दिलेली नव्हती. बाहेरच्या प्रोग्रॅमरांनी डॉसचा कोड उलगडून ती शोधून काढली. भरीला ६४० किलोबाइटची मर्यादा होतीच. राहून गेलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्यातला वाटा खाई, आणि पुढे 'मेमरी अपुरी' असा संदेश आला की कोणाला काढावे हा प्रश्न पडे. मेमरीत कोण कोण बसले आहे हे विचारण्याची धड सोय डॉसच्या पहिल्या आवृत्त्यांत नव्हती.

या आंधळेपणाचा फायदा घ्यायला फार वेळ लागला नाही. १९८६मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ब्रेन हा पीसीवर पसरलेला पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीच्या पहिल्या भागातून मेमरीत शिरे, तिथे राही आणि यंत्रात घातलेल्या प्रत्येक ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर आपली प्रत चढवी. कोणी तो पहिला भाग वाचून पाहू लागले तर ब्रेन ती मागणी मध्येच अडवी आणि जपून ठेवलेली मूळ, निर्दोष प्रत दाखवी. मागे राहिलेला प्रोग्रॅम आपल्याबद्दलचे उत्तरच बदलू शकतो ही गोष्ट इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसली.

मध्ये उभे राहून अडवण्याच्या याच तंत्राने भारतात एक फार उपयोगी काम केले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले की डॉसवरच्या इंग्रजी प्रोग्रॅमांतही देवनागरी दिसू लागे. त्या प्रोग्रॅमांना देवनागरीचा पत्ताही नसे. पडद्याकडे निघालेल्या अक्षरांना वाटेत जोडाक्षरांचे रूप मिळे. विंडोज आल्यावर हे काम सी-डॅकच्या आयएसएमसारख्या आणि पुण्याच्याच श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरकडे आले. कळफलकाचा प्रोग्रॅम मागे चालू असे आणि दाबलेल्या कळा देवनागरी फॉन्टच्या हिशेबाने बदलून देई. तो बंद असला तर फॉन्ट अचूक निवडूनही पडद्यावर भलतीच अक्षरे उमटत. महाराष्ट्रातली सरकारी कार्यालये आणि डीटीपीची दुकाने कित्येक वर्षे अशा न दिसणाऱ्या प्रोग्रॅमांच्या आधारावर मराठी लिहीत होती. पुढे युनिकोड आले, आणि विंडोज २०००पासून देवनागरीची सोय प्रणालीतच मिळाली.

टीएसआरवर खरा उपाय म्हणजे वेळ वाटून देणारा मध्यस्थ पीसीत आणणे. कमोडोरच्या अमिगा संगणकात तो १९८५मध्येच होता. ॲपलने १९८७मध्ये मल्टिफाइंडर दिला. मायक्रोसॉफ्टचे विंडोज ३.० मे १९९०मध्ये आले आणि ते विकलेही खूप गेले, पण त्यातली, आणि मल्टिफाइंडरमधलीही, वाटणी प्रोग्रॅमांच्या सौजन्यावर अवलंबून होती. प्रत्येक प्रोग्रॅमने थोडे काम करायचे आणि आपणहून वेळ सोडायचा. एखाद्याने सोडलाच नाही तर बाकी सगळे ताटकळत आणि पडद्यावर वाळूचे घड्याळ तसेच राही. अशा व्यवस्थेत मागे शांतपणे चालणाऱ्या प्रोसेसला कसलीच हमी नव्हती.

२४ ऑगस्ट १९९५ला आलेल्या विंडोज ९५ने ३२ बिटच्या प्रोग्रॅमांपुरती ही सूत्रे प्रणालीच्या हाती घेतली. ठरलेला वेळ संपला की प्रोग्रॅम राजी असो वा नसो, प्रोसेसर दुसऱ्याकडे जाई. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी छोट्या चित्रांची जागा आली आणि मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमांना तिथे तोंड दाखवता येऊ लागले. रजिस्ट्रीत, म्हणजे प्रणालीच्या नोंदवहीत, 'रन' नावाची एक नोंद होती. तिच्यात नाव घातले की तो प्रोग्रॅम माणूस आत येताच आपोआप सुरू होई. ही नोंद करायला मालकाला विचारावे लागत नसे. संगीत वाजवणारा, चित्रे छापणारा, नव्या आवृत्तीची विचारपूस करणारा असा प्रत्येक प्रोग्रॅम स्थापनेच्या वेळीच तिथे आपले नाव घालून ठेवू लागला, आणि दोन वर्षे वापरलेला संगणक सुरू व्हायला काही मिनिटे घेऊ लागला. 'कॉम्प्युटर जुना झाला' या घरोघरच्या तक्रारीमागे पुष्कळदा ही यादी होती. यंत्र तेवढेच होते, वाटेकरी वाढले होते.

विंडोज ९५मध्ये कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबल्यावर चालू प्रोग्रॅमांची यादी येई खरी, पण तिच्यातून स्वतःला वगळण्याची सोय प्रणालीनेच ठेवली होती. 'मी सेवा-प्रोसेस आहे' अशी नोंदणी केलेला प्रोग्रॅम यादीत दिसत नसे. ऑगस्ट १९९८मध्ये बॅक ओरिफिस हा दुरून दुसऱ्याचा संगणक चालवणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला तेव्हा या सोयीची खरी किंमत कळली. ही चूक मोठी होती, कारण प्रामाणिक आणि अप्रामाणिक प्रोग्रॅम एकाच आडोशाला उभे राहिले.

मायक्रोसॉफ्टचीच दुसरी शाखा तोवर वेगळ्या पायावर उभी राहिली होती. डेव्ह कटलर यांच्या गटाने घडवलेले विंडोज एनटी जुलै १९९३मध्ये आले. त्यात 'सेवा' हा स्वतंत्र प्रकार होता. यंत्र सुरू झाले की कोणी नाव-सांकेतिक शब्द देण्यापूर्वीच सेवा चालू होत आणि एक व्यवस्थापक त्यांना सुरू करणे, थांबवणे ही कामे पाही. १९९६च्या एनटी ४.०मध्ये टास्क मॅनेजर आला. कोणती प्रोसेस किती मेमरी आणि प्रोसेसरचा किती वेळ घेते हे त्यात एका नजरेत दिसू लागले. २००१मध्ये विंडोज एक्सपीच्या रूपाने ही शाखा घरोघरी पोहोचली.

दिसणे आणि समजणे यांत मात्र अंतर होते. टास्क मॅनेजर उघडणाऱ्या नवख्याला सर्वांत वर बहुधा 'सिस्टिम आयडल प्रोसेस' दिसे, तिच्यासमोर ९५ किंवा ९८ टक्के, आणि संगणक हीच खाते आहे असे त्याला वाटे. खरे तर ती ओळ रिकाम्या वेळेचा हिशेब असते. दुसऱ्या कोणालाच काम नसेल तेव्हा प्रोसेसर तिच्याकडे येतो, आणि आकडा जितका मोठा तितके यंत्र मोकळे. तिच्या खाली 'एसव्हीसीहोस्ट' हे एकच नाव पाच-सहा वेळा दिसे. मेमरी वाचावी म्हणून विंडोज २०००पासून अनेक सेवा एका यजमान प्रोसेसमध्ये एकत्र बसवल्या जात. आत कोण बसले आहे ते यादी सांगत नसे. विषाणू लिहिणाऱ्यांना हे फार सोयीचे झाले. एक अक्षर इकडचे तिकडे करून ठेवलेले नाव गर्दीत खपून जाई. उलट 'सीटीएफमॉन' या निरुपद्रवी प्रोसेसवर अनेकांनी संशय घेतला. ऑफिस एक्सपीबरोबर आलेली ही प्रोसेस निरनिराळ्या भाषांच्या कळफलकांची व्यवस्था पाहते. ती बंद करणाऱ्याच्या पडद्यावरून भाषा बदलण्याची पट्टीच नाहीशी होई.

११ ऑगस्ट २००३ रोजी ब्लास्टर हा वर्म, म्हणजे जाळ्यातून आपोआप पसरणारा विषाणू, पसरू लागला. एक्सपी आणि विंडोज २०००मधल्या आरपीसी या सेवेत दोष होता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती १६ जुलैलाच दिली होती, पण ती असंख्य यंत्रांवर बसवलेली नव्हती. कोणतीही फाइल न उघडता, नुसते इंटरनेटला जोडलेले यंत्र बाधित होई, कारण हाक ऐकायला सेवा सतत जागी होती. सेवा कोसळली की '६० सेकंदांत संगणक बंद होईल' अशी उलटी मोजणी पडद्यावर सुरू होई. आपल्या यंत्रात अशी काही सेवा आहे हेच बहुतेकांना तेव्हा पहिल्यांदा समजले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ने फायरवॉल आपोआप चालू ठेवली आणि जाहिरातींच्या संदेशांसाठी वापरली जाणारी मेसेंजर सेवा बंद करून टाकली. गरज नसलेली सेवा मुळात बंदच असावी हे तत्त्व घरगुती विंडोजमध्ये इथून रुजले.

यंत्राच्या मालकाच्या बाजूने सर्वांत मोठे काम मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी केले. त्यांच्या सिसइंटर्नल्सची मोफत साधने १९९६पासून उपलब्ध होती. प्रोसेस एक्सप्लोरर कोणती प्रोसेस कोणी सुरू केली हे झाडाच्या रूपात दाखवी आणि यजमान प्रोसेसच्या पोटातल्या सेवाही उघड करी. ऑटोरन्स आपोआप सुरू होण्याच्या सगळ्या जागा एकत्र मांडी. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी रुसिनोविच यांनी एक शोध जाहीर केला. सोनी बीएमजीच्या एका संगीत सीडीने त्यांच्या संगणकावर प्रती काढण्यास आळा घालणारे सॉफ्टवेअर बसवले होते. विशिष्ट अक्षरांनी सुरू होणारी प्रत्येक फाइल, नोंद आणि प्रोसेस ते प्रणालीपासून लपवत होते, आणि चालू प्रोसेसची तपासणी दर दोन सेकंदांनी करत होते. ब्रेनने १९८६मध्ये वापरलेली युक्ती आता दुकानात विकत घेतलेल्या सीडीतून आली होती. त्याच नोव्हेंबरात कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. २००६मध्ये मायक्रोसॉफ्टने सिसइंटर्नल्स विकत घेतले.

यानंतरचे बदल मुख्यतः शिस्तीचे आहेत. ॲपलने २००५मध्ये लाँचडी आणला. सेवा आधीपासून जागी ठेवण्याऐवजी मागणी आली की तिला सुरू करावे हा त्यातला विचार. २०१०पासूनच्या सिस्टिमडीने लिनक्सवर तो नेला. २००७च्या विंडोज व्हिस्टाने सेवांना वापरणाऱ्याच्या प्रोग्रॅमांपासून वेगळे काढले, काहींना उशिरा सुरू होण्याची मुभा दिली आणि मागच्या कामांना डिस्कच्या रांगेत मागे उभे केले. लॅपटॉप वाढल्यावर बॅटरीचा हिशेबही आला. मागची एखादी प्रोसेस क्षुल्लक कामासाठी सेकंदाला शंभरदा जागी झाली तर प्रोसेसरला विश्रांतीच मिळत नाही. म्हणून प्रोसेसरला वारंवार जागे करणारे प्रोग्रॅम दाखवणारे पॉवरटॉप हे साधन इंटेलने २००७मध्ये लिनक्ससाठी दिले, आणि ॲपलने २०१३मध्ये नजरेआड गेलेल्या प्रोग्रॅमांना पेंगायला लावणारी सोय केली. २००८मध्ये आलेल्या क्रोमने एका ब्राउझरच्या अनेक प्रोसेस केल्या, त्यामुळे एक पान कोसळले तरी बाकीची पाने शाबूत राहू लागली, पण प्रोसेसची यादी आणखी लांबली.

ती यादी समजण्याजोगी करण्याचे काम विंडोजमध्ये २०१२च्या आठव्या आवृत्तीने मनावर घेतले. टास्क मॅनेजरमध्ये समोरचे प्रोग्रॅम, मागच्या प्रोसेस आणि विंडोजच्या स्वतःच्या प्रोसेस असे तीन गट पडले. कोड्यासारख्या फाइलनावांच्या जागी वाचता येणारी नावे आली, आणि आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी वेगळ्या पानावर, प्रत्येकापुढे 'बंद करा'च्या सोयीसह मिळाली. २०१७मध्ये विंडोज १०ने साडेतीन गिगाबाइटहून अधिक मेमरीच्या यंत्रांवर यजमान प्रोसेसमधली गर्दी मोडली आणि बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रोसेस दिली. थोडी मेमरी त्यात जाते. त्या बदल्यात एक सेवा कोसळली तर शेजारची वाचते, आणि एसव्हीसीहोस्टच्या प्रत्येक ओळीपुढे आतल्या सेवेचे नाव वाचता येते.